जुनी कॅम्पर, तिसरा फेरा : घरच्या कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

आमच्या घराने आजवर दोन जुन्या कॅम्पर गाड्या विकत घेऊन, दुरुस्त करून पुढे विकल्या आहेत, आणि तिसरी घ्यायची असे काल रात्री जेवताना सर्वानुमते ठरले. सोलापुरात कॅम्पर म्हटले की बहुतेकांना दुहेरी केबिनची पिकअप आठवते. त्यामुळे आरंभीच नमूद करते की, येथे कॅम्पर म्हणजे ट्रॅव्हलरसारख्या बंद गाडीत झोपण्याची जागा, ओटा, पाण्याची टाकी आणि दिवे-पंखे बसवून केलेले फिरते घर होय. परिवहन खात्याच्या दप्तरी तिला ‘मोटर कॅराव्हॅन’ किंवा ‘कॅम्पर व्हॅन’ असे म्हणतात.

पहिली गाडी आम्ही परगावच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून घेतली. मागच्या भिंतीवर नवा, सुंदर वॉलपेपर लावलेला होता आणि आम्हाला त्याचेच कौतुक वाटले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर तो फुगला, आणि काढून पाहिला तेव्हा आतले प्लायवूड बोटाने कुस्करता येईल इतके कुजलेले निघाले. त्या व्यवहारात आम्हाला बासष्ट हजारांचा तोटा झाला. दुसऱ्या गाडीने तो भरून काढला. परंतु ती घेणाऱ्या गृहस्थांनी सहा महिन्यांनी फोन करून कोणती वायर कोठून गेली आहे असे विचारले, तेव्हा घरातील एकालाही खात्रीने सांगता आले नाही. या दोन्ही गोष्टींचा मला फार त्रास झाला. म्हणून या वेळी जे दिसेल, जे उघडले जाईल, जे बदलले जाईल आणि जे तसेच राहील ते सर्व मी तारखेनिशी लिहून ठेवणार आहे, आणि गाडी विकताना या वहीची प्रत किल्लीसोबत द्यायची आहे.

कामांची वाटणी पूर्वीप्रमाणेच राहील. इंजिन व चेसिस भावजींकडे, कारण त्यांची वीस वर्षे गॅरेजमध्ये गेली. पत्रा, प्लायवूड आणि सुतारकाम यजमानांकडे. विजेचे काम आमच्या लेकीकडे. ती इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाद्या, खोळी व पडदे जाऊबाईंकडे. त्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम करतात आणि जाड कापडावर त्यांचा हात बसलेला आहे. हिशेब व कागदपत्रे माझ्याकडे. आप्पा, म्हणजे माझे सासरे, गिरणीतून निवृत्त झालेले आहेत. ते काम तपासतात आणि त्यांनी नाही म्हटले तर ते काम पुन्हा होते.

९ फेब्रुवारी

पुण्यात एक गाडी पाहिली आणि नाकारली. गाडी दिसायला उत्तम होती, किंमतही सात लाखांच्या आत होती, आणि यजमानांना ती फार आवडली होती. परंतु आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) तिचा वर्ग ‘ओम्नी बस, खासगी वापर’ असा होता व आसनसंख्या १३ लिहिलेली होती, तर प्रत्यक्षात आत चालकाजवळची दोन आसने सोडली तर एकही आसन नव्हते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही की ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडेल. बदल करायचा असेल तर नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते. मालकांचे म्हणणे होते की पाच वर्षांत कोणी अडवले नाही. न अडवले जाणे निराळे. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने आरसी व गाडी शेजारी ठेवून पाहिली, तर दावा तेथेच अडकेल, आणि तो दावा आमच्या ग्राहकाचा असेल.

दिल्लीकडच्या दोन गाड्यांच्या जाहिरातीही आल्या होत्या. त्या भागात २०२५ च्या आरंभी दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी होती, म्हणून तेथील गाड्या स्वस्तात निघत. परंतु परराज्यातून आणलेल्या गाडीला ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर आणि नवा नोंदणी क्रमांक हे सर्व करावे लागते, आणि हा खर्च मिळवल्यावर स्वस्ताई उरत नाही. त्या पाहायला गेलो नाही.

१६ फेब्रुवारी

पिंपरीत दुसरी गाडी पाहिली. फोर्स ट्रॅव्हलर, ३३५० मिलिमीटर व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर), २०१७ ची, २५९६ सीसी डिझेल इंजिन, एकच मालक, ९१ हजार किलोमीटर. आरसीवर वर्ग ‘कॅम्पर व्हॅन, खासगी वापर’ असा स्पष्ट आहे. बँकेचे थोडे कर्ज शिल्लक आहे.

तपासणीला पावणेचार तास लागले. भावजींनी इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहिले. विक्रेता आधीच गाडी गरम करून ठेवतो तेव्हा सुरू होतानाचा धूर आणि आवाज लपतो, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच फोन करून गाडी सुरू न करण्याची विनंती केली होती. धूर नाही, कुलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, तेलाचा तवंग नाही, क्लच थोडा वर पकडतो. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) बुश गेलेले आहेत. पुढच्या दोन्ही टायरांवर १८१७ हा कोड आहे, म्हणजे ते २०१७ च्या अठराव्या आठवड्यातले, मूळचेच. नक्षी भरपूर शिल्लक दिसते, कारण अशा गाड्या उभ्याच जास्त असतात; पण आठ वर्षांच्या रबराला बाजूने बारीक भेगा पडलेल्या आहेत आणि ते बदलावेच लागतील.

घराच्या भागाकडे मात्र आम्ही इंजिनापेक्षा दुप्पट वेळ दिला. यजमानांनी आतील भिंती बोटांच्या पेरांनी ठोकत ठोकत पाहिल्या. सुका प्लाय खणखणीत वाजतो आणि ओल खाल्लेला बद्द वाजतो. मागचा उजवा कोपरा, कपाटाच्या आत, बद्द वाजला. ओल मोजण्याच्या यंत्राने इतरत्र ९ ते ११ टक्के दाखवले आणि त्या कोपऱ्यात २७. लाकडातील ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. मी मालकांना तो आकडा दाखवला. त्यांना खरोखरच कल्पना नसावी, कारण त्यांनी ताबडतोब कपाट रिकामे करून स्वतः वाकून पाहिले.

२२ फेब्रुवारी

मागणी साडेनऊ लाखांची होती. ८,६०,००० वर व्यवहार ठरला. त्यातील बँकेचे शिल्लक कर्ज आम्ही थेट कर्जखात्यात भरले आणि उरलेली रक्कम मालकांच्या खात्यावर पाठवली. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २६९एसटी नुसार एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. आणि तो नियम नसता तरीही आम्ही रोख दिली नसती, कारण बँकेतील नोंद हाच आमचा पुरावा.

गाडी आज संध्याकाळी सोलापुरात आली. पुणे महामार्गाने येताना भिगवणच्या पुढे मागील दाराची कडी दोनदा सुटली. जुना पुणे नाक्यावर आप्पा रिक्षाने येऊन उभे होते. घरापर्यंत गाडी ज्या अंगाने येईल तेथील वायरी किती खाली लोंबतात हे त्यांना आधीच पाहायचे होते. छतावरील पॅनेलसह उंची मोजली, २.९५ मीटर भरली. हा आकडा चालकासमोरच्या ऊन अडवणाऱ्या झडपेवर ठळक अक्षरांत चिकटवला आहे.

१ मार्च

कागदपत्रांचा दिवस. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ च्या दोन प्रती व नमुना ३०, कर्जबोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ व बँकेचे पत्र, विमा, पीयूसी. राज्यांतर्गत हस्तांतर असल्याने एमएच-१४ हाच क्रमांक राहील. विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. उच्च सुरक्षा नंबर प्लेट राज्यात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या सर्व गाड्यांना सक्तीची आहे. तिचीही नोंदणी केली. जुन्या मालकांना त्यांचा फास्टॅग बंद करण्याची आठवण दिली, नाही तर आमच्या फेऱ्यांचा टोल त्यांच्या खात्यातून जात राहील.

विजापूर रोडवरील परिवहन कार्यालयात एका अनुभवी माणसाशी बोलणे झाले आणि त्यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि तिच्यानुसार नोंदणीकृत जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्याला नोंदणी प्राधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते; अर्ज नमुना २९ए मध्ये आणि प्रमाणपत्र नमुना २९बी मध्ये. अशा विक्रेत्याकडे मालकाने गाडी सोपवली की नमुना २९सी ने ते कळवले जाते, आणि तेव्हापासून गाडीची जबाबदारी विक्रेत्याची ठरते. ती रस्त्यावर केवळ दुरुस्ती, तपासणी किंवा ग्राहकाला दाखवण्यापुरतीच काढता येते. आम्ही आजवर प्रत्येक गाडी आधी यजमानांच्या नावावर करत आलो. त्यामुळे दोनदा हस्तांतराचा खर्च होतो आणि आरसीवर मालकांची संख्याही एकाने वाढते, जी पुढचा ग्राहक सर्वांत आधी पाहतो. ही गाडी त्याच पद्धतीने होईल. चौथ्या गाडीपूर्वी अर्ज करायचा, कारण तीन गाड्या विकणारे घर स्वतःला हौशी म्हणवू शकत नाही.

९ मार्च

आज गळती शोधली. आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांआड येते, आणि पिण्याचे पाणी गाडीच्या छतावर ओतणे मला पटत नाही. म्हणून शेजारच्यांच्या बोअरचे पाणी मागून घेतले.

पद्धत अशी ठेवली. कपाट आणि मागचा आतील पत्रा काढला. उघड्या पडलेल्या सर्व जोडांवर आणि खालच्या आडव्या पट्ट्यांवर कोरडी रांगोळी भुरभुरली. पाण्याचा एक थेंब जरी आला तरी पांढऱ्या रांगोळीत त्याची वाट स्पष्ट उमटते आणि ती वाट उलटी धरत मूळ छिद्रापर्यंत पोहोचता येते. ही कल्पना जाऊबाईंची. बाहेरून नळीने आधी खालचा भाग, मग मधला आणि शेवटी छत, असे प्रत्येकी दहा मिनिटे पाणी सोडले. एकदम छतापासून सुरुवात केली तर सगळेच ओले होते आणि काही कळत नाही. लेक टॉर्च घेऊन आत बसली होती.

मागच्या खिडकीवर दोष नव्हता. पाणी येत होते छतावरील एसीच्या चौकटीतून, म्हणजे कपाटापासून जवळजवळ चार फूट पुढून. छताच्या पन्हळीतून वाहत ते मागे येऊन कोपऱ्यात उतरत होते. चौकटीभोवती सिलिकॉनचे तीन थर एकावर एक लावलेले निघाले. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन धरत नाही. प्रत्येक वेळी वरून छान दिसले असेल आणि खालून पाणी चालूच राहिले असेल.

संध्याकाळी यजमानांनी सगळा थर पात्याने खरवडला. खाली पत्र्याला गंज आहे, आरपार छिद्र मात्र नाही.

१५ आणि १६ मार्च

गंज घासून प्रायमर व दोन हात रंग. एसी काढूनच टाकला; बॅटरीवर तो चालत नाही, आणि जेथे बाहेरची वीज मिळते तेथे बहुतेक वेळा खोलीही मिळते. त्या चौकटीत चौदा इंची छतावरील झरोका व पंखा बसवला. खाली ब्यूटाइलची चिकट रबरी पट्टी, वरून पॉलियुरेथेन सीलंट. आप्पांनी एक कोपरा पुन्हा करायला लावला, कारण पट्टी तेथे ओढली गेली होती.

कुजलेला प्लाय काढताना भिंतीत थर्माकोलचे तुकडे सापडले, मध्ये मध्ये हाताएवढ्या फटी ठेवून कोंबलेले. दुपारी बाहेर सावलीत ३७ अंश असताना बंद गाडीत ५० झाले होते, त्याचे कारण मिळाले. सगळे थर्माकोल काढून उष्णता अडवणाऱ्या एक्सएलपीई फोमचे पत्रे चिकटवले. नवा प्लाय पाण्यात टिकणाऱ्या प्रतीचा घेतला.

३० मार्च, पाडवा

गाडीला हार घातला, काम केले नाही. यजमानांच्या नावाची आरसी आलेली आहे.

१२ एप्रिल

विजेचे काम संपले. याविषयी लेकीने जे सांगितले ते मी तिच्याकडून दोनदा समजून घेऊन लिहीत आहे, कारण गाडीच्या पुढच्या मालकाला याचाच सर्वाधिक उपयोग होईल.

जुन्या मालकांची तक्रार होती की घराची बॅटरी दिवसभर गाडी चालवूनही भरत नाही, म्हणून त्यांनी दोनदा बॅटरी बदलली. बॅटरीचा दोष नव्हताच. इंजिनाच्या अल्टरनेटरपासून (वीज तयार करणाऱ्या यंत्रापासून) मागच्या बॅटरीपर्यंत चार चौरस मिलिमीटरची तार होती. जाऊन-येऊन दहा मीटर. तीस अॅम्पिअर प्रवाहाला एवढ्या लांबीत सुमारे १.४ व्होल्ट वाटेतच नाहीसे होतात. पुढून १४.२ व्होल्ट निघाले तर मागे १२.८ पोहोचणार, आणि तेवढ्यात शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरू शकत नाही. अर्धवट भरलेली राहून राहून ती मरते. आता सोळा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकली आहे; तिच्यात घट सुमारे ०.३५ व्होल्ट राहते, आणि मध्ये व्होल्टेज हवे तेवढे वाढवून देणारा डीसी-डीसी चार्जर असल्यामुळे तीही भरून निघते.

याहून गंभीर म्हणजे त्या जुन्या तारेला बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. तार कोठे घासून पत्र्याला लागली असती तर गाडीने पेट घेतला असता. आता दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज आहेत, आणि पत्र्यातून जेथे जेथे तार जाते तेथे रबरी कडे बसवले आहे.

बॅटरी नवी, लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट, १५० अॅम्पिअर-तास. म्हणजे १,९२० वॉट-तास, त्यातील ऐंशी टक्के वापरायचे धरले तर सुमारे १,५००. रोजचा खर्च लेकीने असा मांडला : फ्रिज पन्नास वॉटचा, उन्हाळ्यात निम्म्याहून अधिक वेळ चालतो, सुमारे ७२०, दोन पंखे रात्रभर, ४००, दिवे, पंप आणि फोन मिळून १४०. एकूण साडेबाराशेच्या आसपास. छतावरील ३६० वॉटची पॅनेले चांगल्या उन्हात दिवसाला साधारण तेवढेच देतात. येथे एक गैरसमज दूर करायला हवा : कडक ऊन म्हणजे अधिक वीज असे नाही. पॅनेल तापले की त्याची क्षमता दर अंशाला सुमारे ०.४ टक्के घटते, आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये ते ६५ अंशांपर्यंत सहज तापते, म्हणजे पंचवीस अंशांच्या तुलनेत सोळा टक्के गेले. पॅनेल व छत यांच्यामध्ये चार बोटे मोकळी जागा सोडली आहे.

वायरिंगचा नकाशा वहीच्या शेवटी चिकटवला आहे. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांक आहेत.

२० एप्रिल

पाणी आणि गॅस. नव्वद लिटरची टाकी अर्धपारदर्शक असल्याने उजेड मिळून आत शेवाळ धरले होते. ब्लीचिंगचे पाणी रात्रभर ठेवून तीन वेळा धुतली व बाहेरून काळ्या कापडाने मढवली. पातळी दाखवणारा काटा निम्म्याच्या खाली खोटे सांगतो. तो आत्ता बदलला नाही. नोंद करून ठेवते.

गॅसच्या कप्प्याला खाली झरोका नव्हता, वर होता. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, त्यामुळे वरच्या झरोक्याचा काही उपयोग नाही. कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी बसवली, नळी व रेग्युलेटर नवे घेतले, पाच किलोच्या सिलिंडरसाठी पट्टा लावला आणि साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासला.

२७ एप्रिल

सावलीत ४१ अंश. बंद गाडीत ४९. मार्चमध्ये बाहेरच्यापेक्षा तेरा अंश अधिक होते, आज आठ. झरोका व पंखा चालू केल्यावर अर्ध्या तासात ४४. दुपारी गाडीत झोपता येईल असे मी कोणाला सांगणार नाही. संध्याकाळी सातनंतर मात्र आत बसवत होते.

जाऊबाईंच्या गाद्यांच्या खोळी पूर्ण झाल्या. आधी सोलापुरी चादरीच्या करायच्या असे सर्वांच्या मनात होते, आणि एक करूनही पाहिली. दिसली फार सुरेख, पण बसता-उठता ती सरकते आणि चेनजवळ विण सुटते. शेवटी गणवेशाच्या ड्रिल कापडाच्या केल्या आणि चादरी अंथरायला ठेवल्या, जे त्यांचे खरे काम आहे.

४ मे

प्रवासाची चाचणी. सोलापूरहून हैदराबाद महामार्गाने नळदुर्ग, तेथून तुळजापूर, मुक्काम, आणि परत. पाचजण, टाकी भरलेली, भांडी-अंथरुणे सर्व. निघताना मार्केट यार्डाकडील वजनकाट्यावर आधी पूर्ण गाडी आणि मग पुढची-मागची चाके वेगळी अशी वजने घेतली. आरसीवरील कमाल वजनापेक्षा २१० किलो कमी भरली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि छतावर सामान वाढवत गेले की हे अंतर लवकर संपते, एवढे ग्राहकाला सांगायचे.

घाटात इंजिनाचा काटा मध्याच्या वर गेला नाही. नवे बुश बसवल्याने मागचा खडखडाट गेला. रात्री तुळजापुरात फ्रिज, दोन पंखे आणि दिवे चालू ठेवले. पहाटे बॅटरी ५८ टक्के होती. मागील दाराची कडी पुन्हा सुटली. भावजींनी आल्याबरोबर बिजागरी एक सूत सरकवून बसवली, तेव्हा कळले की दोष कडीत नसून दारच खाली उतरले होते.

११ मे

बारा लाख किंमत लावली. पहिले ग्राहक आले, गाडी त्यांना आवडली, आणि वही वाचल्यावर ‘कोपरा कुजला होता’ या ओळीवर ते थांबले. दुरुस्तीचे फोटो दाखवले, पाणी मारून दाखवण्याची तयारी दर्शवली. विचार करून सांगतो म्हणाले आणि संध्याकाळी नकार कळवला.

रात्री घरात बरीच चर्चा झाली. यजमानांचे म्हणणे असे की दोष आता उरलेलाच नाही, तर तो पुढे करून ग्राहक का घाबरवायचा. वही मागितली तर द्यावी, आपणहून पहिल्या दिवशी समोर ठेवू नये. त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही; दोन महिन्यांचे कष्ट त्यांचे आहेत. परंतु पहिल्या गाडीचा वॉलपेपर लावणाऱ्यानेही स्वतःशी असेच काही म्हटले असेल. आप्पांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “सूनबाई, त्या कोपऱ्याचं पान काढलं, तर बाकीच्या पानांवर तो कशाला विश्वास ठेवील?” पान राहिले.

२४ मे

चार दिवस अवकाळी पाऊस. गाडी मुद्दाम झाडाखालून काढून उघड्यावर, नाक थोडे वर करून उभी केली, म्हणजे पाणी मागच्या कोपऱ्याकडेच येईल. रांगोळी कोरडी. यंत्रावर १२ टक्के.

१ जून

बार्शीचे निवृत्त शिक्षक पती-पत्नी आले. चातुर्मासानंतर गाडीने नर्मदा परिक्रमा करायची आहे. बाईंनी प्रथम पलंगावर आडवे होऊन पाहिले, मग रात्री उठून शौचालयापर्यंत जाताना हात कशाला धरायचा हे विचारले. आमच्यापैकी कोणाच्याही हे लक्षात आले नव्हते. तेथे आधाराची दांडी बसवून देण्याचे यजमानांनी कबूल केले.

गुरुजींनी वही घरी नेऊन दोन दिवसांत वाचून परत आणतो असे सांगितले.

४ जून

गुरुजी वही घेऊन आले. समासात पेन्सिलीने अकरा प्रश्न होते. गळतीच्या पानावर त्यांनी लिहिले होते, ‘दुरुस्ती पटली. तरी एक पावसाळा गेल्याशिवाय खात्री कोणी देऊ शकत नाही.’ हे खरेच आहे. त्यांनी त्यापोटी पंचवीस हजार कमी करा म्हटले. आम्ही केले. व्यवहार ११,७५,००० ला ठरला.

१२ जून

गाडी सुपूर्द केली. नमुना २९ व ३० वर सह्या झाल्या, आमचा फास्टॅग बंद केला. नवी बॅटरी, पॅनेले आणि फ्रिज यांची किंमत विम्यात स्वतंत्र नोंदवून घेण्यास सांगितले. तसे न केल्यास भरपाईच्या वेळी ती धरली जात नाही.

हिशेब : खरेदी ८,६०,०००. फेऱ्या व डिझेल १४,५००. हस्तांतर, नंबर प्लेट, विमा इत्यादी ४६,०००. पत्रा, प्लाय, फोम व सीलंट ५२,५००. बॅटरी ५८,०००, उरलेले विजेचे सामान २७,५००. दोन टायर १४,५००. पाणी, गॅस व बुश ११,०००. गाद्या व पडदे ९,५००. दुरुस्ती व इतर खर्च २,३३,५००, एकूण १०,९३,५००. शिल्लक ८१,५००. सर्वांचे मिळून ४१० तास नोंदवलेले आहेत, म्हणजे तासाला दोनशे रुपयांहून किंचित कमी.

पुढील गाडीसाठी एक आकडा येथेच लिहून ठेवणे आवश्यक आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला जुन्या गाड्यांवर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के कर खरेदी व विक्रीच्या फरकावर भरावा लागतो, आणि त्या फरकातून दुरुस्तीचा खर्च वजा होत नाही. या गाडीचा फरक ३,१५,००० आहे. त्यावर कर ५६,७०० झाला असता आणि आमच्या हाती २४,८०० राहिले असते. आम्ही आज नोंदणीकृत नाही. व्यवसाय म्हणून पुढे जायचे तर एवढ्या दुरुस्तीची गाडी आम्हाला साडेआठ लाखांच्या बरीच खाली मिळायला हवी, अन्यथा ती घ्यायची नाही. यजमानांनी यावर सही केली आहे.

२९ जून

नमुना २९ए चा अर्ज तयार आहे. जागेच्या पुराव्याचे कागद आप्पांच्या पेटीतून काढायचे आहेत.

गुरुजींचा फोन आला. बार्शीत पाऊस झाला, कोपरा कोरडा आहे. पाण्याच्या टाकीचा काटा मात्र निम्म्याच्या खाली चुकीचे दाखवतो, आणि ते वहीत २० एप्रिलच्या पानावर लिहिलेले आहे, असेही त्यांनीच सांगितले. काटा मागवला आहे. येत्या रविवारी आषाढी एकादशी असल्याने रस्त्याला गर्दी राहील. त्यानंतरच्या रविवारी लेक आणि मी बार्शीला जाऊन तो बसवून येऊ.